यूपीआय सगळ्यात शेवटी शिकवा

बचत गटांसोबत काम करणाऱ्या एका सीआरपी (गटांना मार्गदर्शन करणाऱ्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या) ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गटातल्या बायकांच्या खात्यात योजनांचे पैसे आता थेट येतात, बहुतेक घरांत एक तरी स्मार्टफोन आहे, पण बँकेची शाखा तालुक्याला. बायकांना डिजिटल व्यवहार शिकवायचे आहेत. कोणत्या अ‍ॅपपासून सुरुवात करू, आणि ज्यांना फसवणुकीची भीती वाटते त्यांना काय सांगू?

ताई, अ‍ॅपपासून सुरुवात करूच नका. बहुतेक प्रशिक्षणांत पहिल्याच दिवशी क्यूआर स्कॅन करून दहा रुपये पाठवायला शिकवतात. टाळ्या पडतात, फोटो निघतो, पण बाईचा पैसा जिथून गळतो ती जागा तशीच राहते. गावातल्या बाईचे पैसे ऑनलाइन चोराच्या हाती लागण्याआधी तीन ठिकाणी जातात. एक, ते भलत्याच खात्यात जमा होतात. दोन, अंगठा लावून काढताना कमी हातात पडतात. तीन, व्याजाचा हिशेब न कळल्याने कर्जात जिरतात. या तिन्हींत यूपीआयचा संबंध नाही. म्हणून क्रम असा ठेवा: खाते, मोबाइल नंबर, पैसे काढणे, कर्जाचा हिशेब, आणि हे अंगवळणी पडले की यूपीआय. गटाची बैठक नियमित होतेच, दर बैठकीत पंधरा-वीस मिनिटे पुरतात. तीन-चार महिने लागतील, लागू द्या.

पैसे नेमके कोणत्या खात्यात येतात

पहिल्या बैठकीला प्रत्येकीला घरातली तिच्या नावाची सगळी पासबुके आणायला सांगा. एकीकडे दोन-तीन निघतात: २०१४ नंतर शिबिरात उघडलेले जनधन खाते, गटाच्या कर्जासाठी उघडलेले दुसरे, पोस्टमनने दारात येऊन उघडलेले पोस्ट पेमेंट्स बँकेचे तिसरे. आता प्रश्न विचारा, लाडक्या बहिणीचे १५०० रुपये यातल्या कशात येतात? निम्म्या जणी चुकीचे खाते दाखवतील.

याचे कारण समजून घ्या आणि समजावून सांगा. आधारवर आधारित थेट लाभाचा (डीबीटीचा) पैसा अर्जावर लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाही, आधार क्रमांकावर जातो. कोणता आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे याची एक यादी एनपीसीआय या देशाच्या पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेकडे असते. या यादीत एका आधारला एका वेळी एकच बँक असते, आणि शेवटी ज्या बँकेने सीडिंग केले, म्हणजे या यादीत आपले नाव चढवले, ती आधीच्या बँकेची जागा घेते. म्हणजे बाईने मागच्या महिन्यात नवे खाते उघडताना संमतीच्या चौकटीत टिक केली असेल, तर या महिन्याचा हप्ता तिकडे गेलेला असतो. पैसे बुडालेले नसतात, पण तिला ते सापडत नाहीत. २०१७ साली तर एका मोबाइल कंपनीच्या सिम पडताळणीत लोकांची पेमेंट्स बँकेची खाती त्यांना न कळता उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे वळले होते. तेव्हा आधार प्राधिकरणाला कारवाई करावी लागली.

तपासायचे कसे? आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ हा पर्याय आहे. आधार क्रमांक टाकून ओटीपी दिला की बँकेचे नाव आणि सीडिंग चालू आहे की बंद ते दिसते. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो, हे आधी बघून घ्या. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरायचा. तिथे नुसते ‘आधार लिंक करा’ म्हणू नका. खात्याला आधार जोडणे ही केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी झाली, आणि योजनेच्या पैशासाठी एनपीसीआयच्या यादीत नाव चढवणे ही वेगळी गोष्ट. काउंटरवरचा माणूस पहिली करतो, बाई खूश होऊन परत येते आणि हप्ता जुन्याच खात्यात जात राहतो. ‘डीबीटी या खात्यावर घ्यायची आहे’ असे स्पष्ट सांगायला शिकवा, अर्जाची पोच घ्यायला लावा, आणि चार-आठ दिवसांनी संकेतस्थळावर पुन्हा बघा.

जुन्या जनधन खात्यांत आणखी एक भानगड सापडते. पुरेशी कागदपत्रे नसताना उघडलेले खाते ‘छोटे खाते’ म्हणून नोंदवलेले असते. त्यात एका वेळी ५०,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही, वर्षात एकूण जमा १ लाखाच्या पुढे जाता येत नाही आणि महिन्याला १०,००० पर्यंतच काढता येतात. सरकारी लाभाला शिल्लकीची मर्यादा आड येत नाही, पण व्यापाऱ्याने कांद्याचे पैसे खात्यावर टाकले की अडकतात. ‘बँकेने पैसे दाबले’ अशी तक्रार येते तेव्हा आधी हे तपासा. आधार आणि पॅन देऊन पूर्ण केवायसी केली की मर्यादा निघते, खाते मात्र शून्य शिल्लकीचेच राहते. पॅन नसेल तर शाखेत पॅन नसल्याचे घोषणापत्र भरून चालते.

नंबर तिचाच हवा

खात्याला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर जोडलेला असणे ही गावात नेहमीची गोष्ट. त्यात वाईट हेतू असतोच असे नाही, खाते उघडताना घरात एकच फोन होता इतकेच. पण पैसे आल्याचा मेसेज त्याला जातो, ओटीपी त्याला येतो, आणि यूपीआय सुरू करायचे तर त्याच्याच फोनवर होते. बाईला तिचे पैसे आल्याचे दोन आठवड्यांनी कळते.

नवे सिम घ्यायचे नसेल तर घरातला जुना बटणांचा फोन आणि एक सिम तिच्या नावावर ठेवा. खरा धोका सिमच्या रिचार्जचा आहे. बराच काळ रिचार्ज नसलेला नंबर कंपनी बंद करते आणि काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या कोणाला देते. तोपर्यंत बाईने बँकेत आणि आधारमध्ये नंबर बदललेला नसेल, तर तिच्या खात्याचे मेसेज परक्या माणसाला जातात. म्हणून नियम साधा: नंबर सोडायचा असेल तर आधी बँक, मग आधार, मग सिम. बँकेत नंबर बदलायचा अर्ज शाखेत मिळतो. आधारमधला नंबर आधार केंद्रावर बदलता येतो, त्याला छोटे शुल्क आहे. घरबसल्या करून देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला पैसे देऊ नका.

हे झाले की बँकेच्या मिस्ड कॉल सेवेचा नंबर पासबुकाच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. बहुतेक बँकांची ही सेवा फुकट आहे. नोंदवलेल्या नंबरवरून कॉल केला की शिल्लक मेसेजने येते. मेसेज वाचता येत नसेल तर निदान आकडा ओळखता यायला हवा. शाळेत न गेलेल्या बाईलाही नोटा ओळखता येतात, त्यावरूनच शिकवा. पाचशेच्या नोटेवर पाचपुढे दोन शून्ये, फोनवर पाचपुढे तीन दिसली तर ते पाच हजार. दोन बैठकांत हे जमते.

अंगठा लावताना

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. शाखा लांब असल्याने बहुतेक बायका गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बीसीकडे, आधारवर अंगठा लावून पैसे काढतात. या पद्धतीत पिन नाही, कार्ड नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत निघतात. सोय मोठी आहे. पण प्रत्येक ठसा हा एक स्वतंत्र व्यवहार आहे, हे बाईला कोणी सांगितलेले नसते.

ठरावीक प्रकार असे घडतात. ‘ठसा नीट आला नाही, परत लावा’ म्हणत दोनदा लावायला सांगायचे आणि दोन्ही वेळा पैसे काढायचे. १५०० मागितले असताना २५०० टाकायचे आणि १५०० हातात द्यायचे. ‘फक्त शिल्लक बघतो’ म्हणून ठसा घेऊन काढणीचा व्यवहार करायचा. किंवा ‘तुमचे पैसे आलेच नाहीत’ सांगून परत पाठवायचे. सगळे बीसी असे करत नाहीत, बरेचसे प्रामाणिक आहेत आणि तुटपुंज्या कमिशनवर काम करतात. पण प्रामाणिक माणसाला पावती मागितल्याचा राग येत नाही.

म्हणून बीसीकडे जाण्याआधी घरूनच मिस्ड कॉल देऊन शिल्लक बघायची. तिथे गेल्यावर रक्कम तोंडाने सांगायची आणि पडद्यावर तोच आकडा दिसल्याशिवाय बोट ठेवायचे नाही. पहिला ठसा फसला असे तो म्हणाला, तर ‘अयशस्वी’ असे छापलेली पावती किंवा पडद्यावरची तशी नोंद बघितल्याशिवाय दुसरा ठसा नाही. पैसे मोजून घ्यायचे, छापील पावती घ्यायची, पावतीवरची उरलेली शिल्लक घरून बघितलेल्या शिल्लकीशी जुळवायची. हाताने लिहिलेली चिठ्ठी पावती नसते. महिन्यातून एकदा पासबुकात एंट्री मारून घ्यायची, शाखेत जाणाऱ्या एकीने पाच-सहा जणींची पासबुके नेली तरी चालते.

अंगठ्याचे पैसे म्हणून पाचशेला दहा रुपये घेण्याची प्रथा बऱ्याच गावांत आहे. १५०० वर ३० म्हणजे वर्षाला ३६०. बीसीला कमिशन त्याची बँक देते, ग्राहकाकडून स्वतः होऊन रोख फी घेण्याची त्याला मुभा नाही. बँकेचे काही शुल्क असलेच तर ते खात्यातून वळते होते आणि पासबुकात दिसते. भांडण न करता ‘पावतीवर लिहून द्या’ एवढे म्हटले की बहुतेक वेळा विषय संपतो. नाही संपला तर बीसीच्या फलकावर बँकेचे नाव आणि संपर्क असायला हवा, तिथे कळवा. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर गेलेले पत्र एकटीच्या तक्रारीपेक्षा लवकर वाचले जाते.

जमा करताना उलटी चूक होते. ‘सर्व्हर डाऊन आहे, पैसे ठेवून जा, संध्याकाळी टाकतो’ हे वाक्य ऐकले की पैसे परत पदरात बांधायचे. मेसेज किंवा छापील पावती हातात येईपर्यंत ते पैसे बँकेत गेलेले नाहीत, आणि बँकेकडे ते मागायला तुमच्या हातात पुरावाही नाही.

कधी व्यवहार फसतो, पैसे हातात पडत नाहीत आणि खात्यातून मात्र वजा होतात. यात लबाडी असेलच असे नाही, जोडणी मध्येच तुटली तरी असे होते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार आधारवरच्या अशा व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने स्वतःहून द्यायची आहे, ग्राहकाने मागायची वाट न बघता. एटीएमचे तसेच. हा नियम शाखेत नाव घेऊन सांगितला की पुढचे बोलणे बदलते.

ठसे उमटत नाहीत ही तक्रार ऊसतोड, बांधकाम, भांडी-धुणे करणाऱ्या हातांची. दहापैकी कोणतेही बोट चालते, अंगठाच हवा असे नाही. हात धुऊन कोरडे करायचे, फार रखरखीत असतील तर किंचित ओलसर करून बघायचे, यंत्राची काच पुसायला सांगायची. तरीही नाही झाले तर आधार केंद्रावर ठसे नव्याने घ्यावे लागतात.

आधारचे बायोमेट्रिक, म्हणजे ठशांची ओळख, लॉक करा, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. सल्ला बरोबर आहे, पण सरसकट देऊ नका. लॉक केल्यावर तिचाही ठसा चालत नाही. पैसे काढायच्या वेळी आधारच्या अ‍ॅपवरून तात्पुरते उघडावे लागते आणि ते साधारण दहा मिनिटे उघडे राहते. ज्या बाईचा नंबर आधारला जोडलेला आहे आणि जिला फोन हाताळता येतो तिने जरूर करावे. जी दर महिन्याला ठशावरच पैसे काढते आणि जिच्याकडे फोन नाही, तिला लॉकमुळे रेशनच्या यंत्रापासून सगळीकडे अडेल. तिच्यासाठी रुपे कार्ड आणि पिन बरे. मूळ बचत खात्यावर (जनधनसारख्या शून्य शिल्लकीच्या) महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणे मोफत असते, त्यात एटीएमही आले. शिवाय कार्ड अधूनमधून वापरलेले असले तरच जनधनच्या कार्डावरचा अपघात विमा लागू राहतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना तो २ लाखांचा आहे.

दोन टक्के म्हणजे किती

गटात ‘दोन टक्के’ म्हणतात ते महिन्याचे असतात. पण दोन गटांचे दोन टक्के सारखे नसतात. १०,००० रुपये दहा महिन्यांसाठी घेतले असे धरा. पहिल्या गटात दर महिन्याला १००० मुद्दल आणि उरलेल्या मुद्दलावर दोन टक्के व्याज. पहिल्या महिन्यात २००, दुसऱ्यात १८०, असे उतरत शेवटच्या महिन्यात २०. एकूण व्याज ११००. दुसऱ्या गटात मूळ १०,००० वरच शेवटपर्यंत दोन टक्के, म्हणजे दर महिन्याला १२०० आणि एकूण व्याज २०००. दुसऱ्या पद्धतीचा खरा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या जवळ जातो, वर्षाला चाळीसच्या वर. हे फळ्यावर दोन रकान्यांत मांडा, कोणत्याही भाषणापेक्षा जास्त उपयोग होतो. गटाचे व्याज गटातच राहते हे खरे, पण गरजू बाई जास्त कर्ज घेते आणि सधन बाई फक्त वाटा घेते, तेव्हा ते व्याज एकीच्या खिशातून दुसरीच्या खिशात जाते.

मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांसाठी एकच आकडा लक्षात ठेवायला सांगा. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमानुसार वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेले कर्ज यात मोडते, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त जाता कामा नयेत. घराची कमाई १२,००० असेल तर सगळे हप्ते मिळून ६००० ला थांबायचे. कर्ज देणाऱ्या एजंटाला टार्गेट असते, तो उत्पन्न वाढवून लिहितो. अर्जावर आपले उत्पन्न काय लिहिले आहे हे वाचून घेतल्याशिवाय सही नको. वेळेआधी फेडायला दंड नाही, हेही अनेकींना माहीत नसते.

मोबाइलवरच्या झटपट कर्जांचा हिशेब असा असतो: ५००० मंजूर, ‘प्रोसेसिंग’ कापून ३५०० खात्यात, सात दिवसांनी ५००० परत. ३५०० वर सात दिवसांत १५००, म्हणजे आठवड्याला जवळजवळ ४३ टक्के. असे अ‍ॅप फोनमधले सगळे नंबर आणि फोटो मागते आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना घाणेरडे मेसेज जातात. नियमाने चालणाऱ्या अ‍ॅपला संपर्कयादी आणि फोटो मागायची परवानगीच नाही. त्याने कर्ज देणाऱ्या बँकेचे किंवा वित्त कंपनीचे नाव सांगायला हवे आणि एकूण वार्षिक खर्च एका पानावर दाखवायला हवा. अधिकृत कर्ज अ‍ॅपांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर २०२५ पासून आहे.

बचत कुठे ठेवायची, याबद्दल आपल्याकडे एक घोटाळा कायम आहे. सहकारी बँक आणि पतसंस्था एकच समजतात. बँकेतल्या ठेवीला, ती सहकारी असली तरी, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पतसंस्थेला किंवा मल्टिस्टेट सोसायटीला तो नाही, मग पाटी कितीही चकाचक असो. दोन टक्के जास्त व्याज कशाचे मिळते ते यावरून कळते. भिशीलाही कोणते संरक्षण नाही. पण ओळखीतल्या दहा जणींची लहान भिशी मी वाईट म्हणणार नाही, तिथे निदान चेहरे माहीत असतात.

आता यूपीआय

ज्या खात्यात योजनेचे आणि साठवलेले पैसे आहेत त्यावर यूपीआय जोडू नका. दुसरे खाते असेल तर ते जोडा आणि त्यात दोन-तीन हजारच ठेवा. काही चुकले तरी नुकसान तेवढ्यावर थांबते.

सुरू करायला तीन गोष्टी लागतात: खात्याला जोडलेला नंबर त्याच फोनमध्ये, त्या सिममध्ये मेसेज जाण्यापुरता बॅलन्स, आणि रुपे कार्ड. कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत टाकून पिन ठरवता येतो. कार्ड नसेल तर आधार ओटीपीने पिन ठरवायची सोय अनेक बँका देतात, मात्र बँकेत आणि आधारमध्ये एकच नंबर हवा. नोंदणी अडली तर दहापैकी आठ वेळा कारण नंबराचे असते: दोन सिमच्या फोनमध्ये चुकीचे सिम निवडले, किंवा नंबर बँकेत नोंदलेलाच नाही. नव्याने सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांत ५००० पर्यंतच पाठवता येतात, तो बिघाड नव्हे. पिन जन्मसाल किंवा १२३४ नको. फोनला स्क्रीन लॉक हवेच, कारण यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे अ‍ॅपमधल्या छोट्या पाकिटात, ठेवलेले पैसे पिनशिवाय जातात. घरात एकच फोन सगळे वापरत असतील तर लाइट चालूच करू नका.

वापरताना लक्ष तीन ठिकाणी. क्यूआर स्कॅन झाल्यावर दिसणारे नाव मोठ्याने वाचायचे आणि दुकानदाराला विचारायचे, कारण खऱ्या क्यूआरवर दुसरा चिकटवण्याचा प्रकार बाजारात होतो. ‘प्रलंबित’ असे आले तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवायचे नाहीत, बारा आकडी संदर्भ क्रमांक जपून ठेवायचा. दुसऱ्या व्यक्तीला न पोहोचलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. आणि पिन फक्त पैसे जाण्यासाठी लागतो. पैसे येण्यासाठी पिन, स्कॅन, बटण काहीच लागत नाही. हे शेवटचे प्रत्येकीकडून तोंडपाठ म्हणून घ्या. व्यक्तीने व्यक्तीकडे ‘पैसे मागण्याची विनंती’ पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण फसवणारे आता क्यूआर पाठवून तेच करतात.

साधा फोन असेल तर *९९# लावून एका वेळी ५००० पर्यंत पाठवता येतात, इंटरनेट लागत नाही. मधेच तुटते म्हणून कंटाळवाणे आहे, पण चालते. मुलगा पुण्या-मुंबईत कामाला असेल आणि आईकडे स्मार्टफोन असेल तर यूपीआय सर्कल बघा: मुलाच्या खात्यातून, त्याने ठरवलेल्या मर्यादेत, आई दुकानात पैसे देते. महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५०००.

गटाच्या हप्त्याबाबत कडक राहा. अध्यक्षाच्या वैयक्तिक क्यूआरवर हप्ते गोळा करण्याची पद्धत झपाट्याने पसरते आहे आणि ती मोडायला हवी. गटाचे आणि घरचे पैसे मिसळतात, लेखापरीक्षणात जुळत नाहीत. कोणाच्या तरी तक्रारीवरून ते खाते सायबर पोलिसांनी गोठवले तर सगळ्या गटाचे पैसे अडकतात. यूपीआयमधून गटाच्या खाते क्रमांकावर आणि आयएफएससीवर थेट पैसे पाठवता येतात. स्क्रीनशॉट हिशेबनीस बाईला, नोंद वहीत, महिन्याला पासबुकाशी ताळा. ज्या बीसी सखीकडे (बीसीचे काम करणाऱ्या गटातल्या बाईकडे) दोन पदाधिकाऱ्यांच्या ठशावर गटाचे पैसे काढायची सोय आहे, तिथे तीच वापरा.

भीती वाटणाऱ्यांसाठी

सगळ्या प्रकारांची यादी पाठ करून घेऊ नका, प्रकार बदलत राहतात. सध्या गावांत जास्त चालणारे दोन सांगते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लग्नपत्रिका’, ‘आरटीओ चलन’, ‘पीएम किसान’ अशा नावाची एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) येते, बहुतेक वेळा ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. ती उघडून परवानगी दिली की फोनमधले ओटीपी परस्पर वाचले जातात. पत्रिका फोटोत किंवा पीडीएफमध्ये असते, ती ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही. दुसरा प्रकार: अडचण आली म्हणून इंटरनेटवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधायचा आणि चोरालाच फोन लावायचा. नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. बँकांची संकेतस्थळे आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात, हेही उपयोगी पडते. मुलांना वेगळे सांगा की थोड्या पैशांसाठी आपले खाते, एटीएम कार्ड किंवा सिम कोणाला ‘वापरायला’ दिले तर गुन्ह्यात नाव त्यांचेच येते.

मे महिन्याच्या बैठकीत विम्याचा विषय काढा. ज्यांनी प्रधानमंत्री योजनांचे विमे घेतले आहेत त्यांचे सुरक्षा बिमाचे (अपघात विमा) २० रुपये आणि जीवन ज्योतीचे (आयुर्विमा) ४३६ रुपये मेअखेरीला खात्यातून आपोआप कापले जातात. त्या दिवशी शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. खात्यात ५०० रुपये ठेवा आणि जूनमध्ये पासबुकात नोंद बघा. त्याच वेळी वारसाचे नावही तपासा, जुन्या खात्यांत तो रकाना रिकामा असतो.

पैसे गेलेच तर वेळ महत्त्वाचा. फोन हाती घेऊन आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लागत नसेल तर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. लगेच बँकेला कळवून खाते आणि यूपीआय बंद करायचे, तक्रार क्रमांक घ्यायचा. एपीके उघडलेला फोन असेल तर आधी त्याचे इंटरनेट बंद, आणि हे फोन दुसऱ्या मोबाइलवरून.

जबाबदारीचा नियम रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात आहे. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाचे नुकसान शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर मूळ बचत खात्याला जास्तीत जास्त ५००० चा भार. पिन किंवा ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तिचे, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. म्हणून लाजून गप्प बसलेल्या बाईला आधी एवढेच सांगा की उशिराने तिचे नुकसान वाढते.

बँकेला दिलेल्या लेखी तक्रारीची पोच, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स आणि १९३० चा तक्रार क्रमांक एका पिशवीत ठेवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन १४४४८. अर्ज साध्या कागदावर, मराठीत लिहिला तरी चालतो.